पिल्लांच्या गाडीची केबिन

“गाडीत जीव आहेत ना? मग उन्हात काय उभी केलीय? आत घ्या, पार्किंगमध्ये सावली आहे,” निमोणकर काका गेटवरून म्हणाले, आणि त्या क्षणी मला ते जगातले सगळ्यात चांगले चेअरमन वाटले.

जालन्याच्या बायपासजवळ आमची सोसायटी. करोनाची दुसरी लाट, एप्रिल संपत आलेला, आणि ऊन असं की सकाळीच गेटचं लोखंड हाताला चटका देत होतं. गेटबाहेर जाळीच्या खिडक्यांची एक पांढरी गाडी उभी होती. तिच्यातून येणाऱ्या आवाजाला चिवचिव म्हणणं म्हणजे कमीच. हजारो पिल्लं एकाच वेळी तक्रार करत होती. कालच अंड्यातून निघालेली, संगमनेरच्या हॅचरीतून अमरावतीकडच्या शेडवर चाललेली.

त्या हॅचरीच्या गाड्यांचं नियोजन माझी आई करायची. लॉकडाऊनपासून तिचं ऑफिस म्हणजे आमचं डायनिंग टेबल. दोन फोन, एक लॅपटॉप, शेजारी पोळ्यांचा डबा. कुठली गाडी कधी सुटणार, कुठे थांबणार, कोण चालवणार, सगळं तिच्याकडे. ड्रायव्हरने किती तास चालवायचं हेसुद्धा. त्याला कायद्यात मर्यादा आहे, आणि आईच्या डोक्यात ती कायद्याहून घट्ट बसलेली होती. तास भरले की ड्रायव्हर झोपणार, गाडीत सोनं असो नाहीतर कोंबड्या. पूर्वी लांबच्या गाडीवर दोघे असायचे, एक झोपला की दुसरा चालवायचा. करोनात कंपनीने ‘एका केबिनमध्ये एकच माणूस’ असा नियम काढला. मग आईने जोड लावली. संगमनेरहून एकाने आणायची, जालन्यात दुसऱ्याने ताब्यात घ्यायची, पहिल्याने झोप काढून अमरावतीहून आलेली रिकामी गाडी घेऊन परतायचं.

त्या दिवशी ती जोड तुटली. जालन्याहून पुढे नेणारे ताठे, त्यांची गल्लीच पत्रे ठोकून सील झाली. आणि संगमनेरहून आलेले भागिनाथ खेमनर रात्रभर जिल्ह्याच्या हद्दीवर अडकून, सगळे तास संपवून आमच्या गेटसमोर उभे होते. हद्दीवर अडकलेला वेळही आई तासांतच धरायची. “स्टिअरिंगवर जागा बसलेला माणूस म्हणजे काही झोपलेला माणूस नव्हे,” असं ती साहेबांना सांगायची. साहेबांना ते पटायचं नाही.

पिल्लांची गाडी पळते तेव्हा जाळीतून वारा खेळतो. थांबली की भट्टी. म्हणून आईने निमोणकर काकांना फोन केला होता, आणि ते दोन मास्क नि वर फेसशील्ड लावून गेटवर आले होते.

“गाडी आत,” ते पुढे म्हणाले. “ड्रायव्हर बाहेर.”

“मग गाडी आत कोण आणणार काका?” मी विचारलं.

यावर विचार झाला. शेवटी ठरलं ते असं: ड्रायव्हरने गाडी पार्किंगमध्ये लावायची, कशालाही हात न लावता उतरायचं आणि आल्या पावली बाहेर जायचं. मग वॉचमन केबिन फवारून घेईल.

“कशालाच हात नाय लावायचा म्हंजे दाराला बी नाय?” खेमनर काकांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

“दाराला चालेल,” निमोणकर काकांनी मोठ्या मनाने सांगितलं.

गाडी आत आली, खेमनर काका बाहेर गेले, आणि बाहेर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चपला केबिनमध्येच राहिल्या. केबिनमध्ये त्यांच्या देवाचा, बिरोबाचा फोटो होता, म्हणून ते अनवाणी चालवायचे. परत येऊन चपला घ्यायच्या तर वॉचमनने फवारा मारून झाला होता.

“आता त्याला हात नाही लावता येणार,” निमोणकर काका म्हणाले. “सॅनिटाइझ झालंय.”

खेमनर काका तापलेल्या डांबरावर एक पाय उचलत, एक ठेवत उभे राहिले. दुसऱ्या मजल्यावरून तळणीकर काकू म्हणाल्या, “नाचतोय की काय तो?” आईने बाबांच्या चपला पिशवीत घालून आमच्या बाल्कनीतून खाली सोडल्या. बाबा तेव्हा चाकणच्या कारखान्यात अडकलेले होते, त्यांच्या चपला रिकाम्याच होत्या.

आता मी जरा माझ्याबद्दल सांगते. आज मी दहावीत आहे, वक्तृत्वाला जिल्ह्यापर्यंत जाऊन आलेय, आणि वर्गात मला गप्प बसवायला बाईंना खडू आपटावा लागतो. पण तेव्हा मी सातवीत होते. ऑनलाइन वर्गात माझा कॅमेरा बंद, माईक बंद. बाईंनी नाव घेऊन प्रश्न विचारला की मी चॅटमध्ये ‘नेटवर्क गेलं’ असं लिहायचे. नेटवर्क गेलं तर ते लिहिता तरी कसं येतं, हे बाईंनी मला कधीच विचारलं नाही, त्यांचे उपकार. हा आवाज मला कुठून आला असं लोक विचारतात. तो त्या दिवशी आला, आणि ज्या कारणासाठी आला त्याची आठवण झाली की अजून माझे कान गरम होतात.

तर सोसायटी. आमची सोसायटी त्या सकाळी नुसती धावली. वर्षभर घरात कोंडलेली माणसं, आणि दारात हजारो पिवळे गोळे. कुणी पेडेस्टल फॅन आणला, कुणी कूलर. पहिल्या मजल्यावरून वायर सोडली. तळणीकर काकूंनी गोणपाटं ओली करून दिली. व्हॉट्सअॅपवर ‘पिल्लू मदत’ नावाचा ग्रुप निघाला आणि त्यावर सूचनांचा पाऊस. पिल्लांना पाणी द्यावं का? साखरेचं द्यावं का? त्यांना लहान मुलांची गाणी लावावीत का? आईने लिहिलं की पिल्लू अंड्यातून निघताना पोटात बलकाची शिदोरी घेऊनच निघतं, त्याला दोनेक दिवस काही लागत नाही, फक्त वारा लागतो. ‘शिदोरी’ वाचून सगळ्यांना भरून आलं.

पंख्यांच्या दिशा मी ठरवत होते. फोटो मी काढत होते. एका पिल्लाचं नाव मी लाडू ठेवलं, मग ते खोक्यात इतरांत मिसळलं आणि सगळीच लाडू झाली. त्या गडबडीत आईने वरून हाक मारली. “मैथिली, खेमनरांना चहा देऊन ये. आणि बोल त्यांच्याशी थोडं. कसे वाटतायत ते मला येऊन सांग.”

ते गेटच्या खांबाच्या पट्टीएवढ्या सावलीत उकिडवे बसले होते. मी कागदी कप ठेवून मागे सरकले.

“मॅडमची पोर का तू? कितवीला?”

“सातवीला.”

“गाव लागलं की मी थांबायचो,” ते म्हणाले, “आन् मान्सं लाकडं घेऊन यायची. एका गावानं तर बोरीच्या काट्या टाकून वाटच बंद केल्याली. धाब्यावाल्यानं चा दिला, पर मागच्या दारानं. म्हनला, बसू नको.” चहाचा घोट घेतला. “कितवीला म्हन्लीस?”

“सातवीला.”

“तुमी आत पंखं लावल्यात म्हनं. लई चांगलं काम केलं.” मग ते हसले. “दीड महिन्यानं तुमच्याच ताटात येत्याल ती, ठावं हाये ना? बॉयलर कोंबडी हाये.”

मला ते माहीत नव्हतं. लाडूबद्दल मी काही बोलले नाही.

“तुम्हाला झोप येत नाही का काका इथे?”

“इथं? आत्ताच पोलिसांची गाडी येऊन गेली. म्हनले, बसायचं नाय, फिरत ऱ्हा. आता संचारबंदीत फिरत ऱ्हा म्हन्त्यात, ह्ये नवीनच.” त्यांनी पार्किंगकडे मान वळवली. “मला खोली नको का लॉज नको, पोरी. माझी केबिन हाये ना. मागल्या फळीवर पडलो की ह्यांचा आवाज सुरू. त्या आवाजावर झोपायची सवय हाये मला. आवाज थांबला तर जाग येती.” कप खाली ठेवला. ठेवताना तो कलंडला, ते त्यांना दिसलं नाही. “कितवीला हायेस तू?”

मी धावत वर गेले. आईला सांगितलं, कितवीला आहेस हे त्यांनी मला तीनदा विचारलं. आईने डोळे मिटले आणि उघडले.

ती सकाळपासून फोन लावत होती. लॉज बंद. मंगल कार्यालयवाल्याने ड्रायव्हर हा शब्द ऐकून ठेवूनच दिला. एक ओळखीचे म्हणाले, मॅडम, तुमच्यासाठी काहीपण, पण हे सोडून. आणि दुसऱ्या फोनवर हॅचरीचे फेगडे साहेब, स्पीकरवर.

“मॅडम, अॅपमध्ये विश्रांती झाली म्हणून टाका आणि सोडा गाडी. माझं बोलणं झालंय त्याच्याशी. तो तयार आहे.”

“तो तयार असतोच साहेब. नाही म्हणाला तर पुढच्या वेळी त्याला गाडी मिळत नाही.”

“माल मेला तर?”

“माल सावलीत आहे. कूलर लावलेत त्याला.”

“मग ड्रायव्हरलाही झोपवा सावलीत.”

“तेच जमवतेय सकाळपासून.”

“तुमच्याने एक बटण दाबणं होत नसेल तर मी दाबतो इथून.”

“दाबा,” आई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. “पुढे काही झालं तर त्याच्या बायकोला फोनही तुम्हीच करा. आजवर ते फोन मी करत आलेय.”

मग साहेब म्हणाले, “संध्याकाळपर्यंत बघा काय ते,” आणि गेले.

मग आईने सोसायटीची तातडीची ऑनलाइन बैठक मागितली. एकच मागणी. खेमनरांना त्यांच्या स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या केबिनमध्ये झोपू द्या. ते खाली उतरणार नाहीत, जिना चढणार नाहीत, कुणाशी बोलणार नाहीत. झोपलेला माणूस काही बोलत नाही.

बैठकीचा पहिला विषय गोणपाटं किती वेळाने भिजवायची. दुसरा विषय, मुलांसाठी ‘माझे पिल्लू’ चित्रकला स्पर्धा घ्यावी का. घ्यावी असं ठरलं. मग तिसरा.

“माणूस आत घेतला आणि उद्या इथे कुणी पॉझिटिव्ह निघालं तर जबाबदार कोण?” निमोणकर काका म्हणाले. “पिल्लांचं तसं नाही. पिल्लांना होत नाही तो.”

“आणि केबिन तर आपण सॅनिटाइझ केलीय,” पहिल्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं. “परत त्यात माणूस घातला की काय उपयोग?”

“ती केबिन त्यांचीच आहे हो,” आई म्हणाली.

“मॅडम, तुम्ही भावनिक होताय.”

“या लोकांना सवय असते खरात ताई,” तळणीकर काकू समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “ड्रायव्हर मंडळी कुठेही झोपतात.”

“बरोबर. त्यांचं ते ‘कुठेही’ म्हणजे ती केबिनच.”

“गावाबाहेर एखादं झाड नाही का?”

मी आईच्या मागे स्टुलावर बसले होते. माझ्या पुढ्यात शाळेचा टॅब होता, त्यावरून मीही बैठकीत होते, अर्थात कॅमेरा बंद, माईक बंद. झाड हा शब्द ऐकला आणि माझं बोट आपोआप माईकवर गेलं. आधी नुसता माझा श्वास ऐकू आला सगळ्यांना.

“कोण श्वास घेतंय?” निमोणकर काका म्हणाले.

“मी. मैथिली खरात.” मी टॅब जवळ ओढला. “काका, ते झोपले नाहीत तर गाडी कोण नेणार? आई त्यांना तसं सोडणार नाही. मग पिल्लं इथेच राहणार. उद्याही. आणि सोडलं समजा, आणि मेहकरच्या अलीकडे त्यांना डुलकी लागली तर? गाडी उलटली तर? मग हे पंखे लावले कशाला आपण? सगळी पिल्लं रस्त्यावर पडतील काका. सगळी.”

कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

“अगं बाई, पिल्लं,” तळणीकर काकू म्हणाल्या.

मग भराभर झालं. हो, हा मुद्दा आहे. पोरगी बरोबर बोलतेय. पिल्लांच्या हिताच्या दृष्टीने ड्रायव्हरला केबिनपुरता प्रवेश. निमोणकर काकांनी हे असंच लिहून ग्रुपवर टाकलं, ‘पिल्लांच्या हिताच्या दृष्टीने’. एकच अट होती, इमारतीकडची काच बंद आणि भिंतीकडची उघडी. खाली अंगठे आले, टाळ्या आल्या, तळणीकर काकूंनी मला बदाम पाठवला.

मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. मी जिंकले होते. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या माणसांसमोर बोलले होते आणि जिंकले होते, आणि मला इतका राग आला होता की नळ बंद करायचं सुचेना. मी एका माणसासाठी तोंड उघडलं आणि तोंडातून पिल्लं बाहेर पडली. दुसरं काही चाललंच नसतं तिथे. हे मला बोलायच्या आधीच कळलं होतं, म्हणूनच तर मी ते बोलले.

खेमनर काका आत आले, फळीवर पाय पोटाशी घेऊन आडवे झाले. आईने वरून बघितलं आणि पहिल्यांदा जेवायला बसली. “सलग झोप हवी,” ती मला म्हणाली. “मध्ये उठवलं तर ती झोप नाही. परत पहिल्यापासून धरायची.”

दुपार चढली आणि लाईट गेली.

मी खाली पोचले तोवर कूलरचा पंखा फिरता फिरता थांबला होता. निमोणकर काका आलेले होतेच. जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, वर्षभरात कुणाला त्याची आठवणच झाली नव्हती. वरच्या बाल्कन्यांतून तोंडं डोकावत होती. आणि हळूहळू एक गोष्ट व्हायला लागली. पिल्लांचा आवाज कमी कमी होत गेला. चोची उघड्या, पंख बाजूला, आणि आवाज नाही.

मी केबिनकडे पाहिलं. आवाज थांबला की त्यांना जाग येते, असं ते म्हणाले होते.

ते हलले नाहीत. हजारो पिल्लं गप्प होत होती, आणि आवाज थांबला की उठणारा तो माणूस बेशुद्धासारखा पडला होता, एक हात फळीवरून खाली लोंबत. अशा माणसाला गाडी घेऊन सोडा म्हणत होते साहेब सकाळपासून.

“उठवा त्याला,” निमोणकर काका म्हणाले. “गाडी काढून बायपासला दोन चकरा मारू दे. वारा लागेल पिल्लांना.” आणि ते केबिनच्या दाराकडे निघाले.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. पत्रा पाठीला भाजत होता.

“नाही.”

“मैथिली, बाजूला हो.”

“त्यांना उठवायचं नाही. झोप परत पहिल्यापासून धरावी लागते.”

“ही काय शाळेतली परीक्षा आहे? तिकडे जीव जातायत.”

“जाऊ देत.”

मी लाडूवाली, पंखेवाली, फोटोवाली, आणि मी म्हणाले जाऊ देत.

“काय बोललीस?” वरून तळणीकर काकू.

“जाऊ देत म्हणाले. हा एक माणूस झोपलाय, तो उठणार नाही. तुम्हाला पिल्लं वाचवायची असतील तर खाली या आणि वारा घाला. वारा घालायला काही ड्रायव्हर लागत नाही.”

निमोणकर काका माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं आता हात धरून ओढतील. पण मला हात लावायचा म्हणजे केबिनच्या दारापाशी यायला हवं, आणि तिथे ते येत नव्हते. त्यांनी फेसशील्ड वर केलं, खाली केलं, मग हातातली फाईल बघितली आणि जाळीसमोर उभे राहून वारा घालायला लागले.

मग आले सगळे. परीक्षेचे पॅड, परात, सूप, कॅलेंडरचा पुठ्ठा, जे हाताला लागलं ते घेऊन. तळणीकर काकू सूप असं काही हलवत होत्या की पाखडतायत जणू. मागची दारं उघडली, खोकी ओढून मोकळ्यात आणली, पोरांनी ओल्या चादरी झटकल्या. घाम निथळला तसे मास्क हनुवटीवर आले. ज्या माणसाच्या श्वासाला भिऊन सकाळी बैठक बसली होती, त्याच्या उशाशी सगळी सोसायटी खांद्याला खांदा लावून उभी होती आणि कुणाच्याही ते लक्षात नव्हतं. मी दारातून हलले नाही. मला वारा घालायलाही बोलावलं नाही कुणी.

लाईट आली तेव्हा टाळ्या पिटल्या सगळ्यांनी. आवाज परत सुरू झाला, आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे. काही पिल्लं गेली होती. तळणीकर काकूंनी एक उचलून माझ्यापुढे धरलं. “बघ. तू म्हणालीस ना जाऊ देत.”

“म्हणाले,” मी म्हटलं.

आणखी काही म्हणायला हवं होतं का? तीन वर्षं झाली, मला अजून काही सुचलेलं नाही.

सूर्य कलला तेव्हा खेमनर काका आपण होऊन उठले. नळाला पाइप लावून तो गेटबाहेर दिला होता, त्यावर तोंड धुतलं. आईने भाजी-पोळी दिली. खोकी परत चढवताना मेलेली पिल्लं त्यांनी बाजूला काढली आणि मला म्हणाले, “येवढी जात्यातच, बाळा. उन्हाळा हाये. माझ्या डोळ्यादेखत बी जात्यात.” मग माझ्याकडे नीट बघितलं, सकाळपासून पहिल्यांदाच. “सातवीतली ना तू? झोप लई चांगली झाली. घरी बी अशी होत नाय.”

आईने वरून बघून घेतलं, अॅपमध्ये विश्रांतीचं बटण दाबलं, आणि गाडी सोडली.

गाडी मागे येऊन गेटकडे वळली तशा सगळ्या बाल्कन्या भरल्या. टाळ्या, थाळ्या, शिट्ट्या. “बाय बाय पिल्लू,” पोरं ओरडत होती. “जपून जा रे पिल्लांनो,” तळणीकर काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या. निमोणकर काका फोन वर धरून व्हिडिओ काढत होते आणि त्यात फक्त जाळी येईल असं बघत होते.

खेमनर काकांनी गाडी थांबवली. काच खाली केली आणि वर पाहिलं. इंजिन चालू, त्यात पिल्लांचा कलकलाट, शब्द काही त्यांना कळत नसणार. फक्त दिसत असणार की एवढी माणसं टाळ्या वाजवतायत. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग त्यांनी डोक्याची टोपी सारखी केली आणि खिडकीतून हात जोडले. एका बाजूच्या बाल्कन्यांना, मग दुसऱ्या बाजूच्या, मग मान बाहेर काढून मागच्या. कुणालाही न चुकवता.

वर कुणीतरी हसलं. “त्याला वाटलं त्याच्यासाठी.”

मी खाली गेटपाशी एकटीच होते आणि टाळ्या वाजवत नव्हते. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. तेव्हा मी वाजवल्या. तळहात झोंबेपर्यंत, त्यांच्या तोंडाकडे बघत. एवढ्या टाळ्यांत त्यांच्या नावाची निदान एक जोडी तरी असू दे.

गाडी बायपासला लागली. मी वर आले. दार धाडकन लावलं.

“रडतेयस?” आईने लॅपटॉपवरून मान न उचलता विचारलं.

“नाही. चिडलेय.”

“बरं झालं.” तिने दुसरा फोन माझ्याकडे सरकवला. “मग हा नंबर लाव. आपली आणखी एक गाडी, परतीची, रिकामी, मेहकरच्या पुढे एका पंपावर उभी आहे. तास संपलेत, आणि पंपाचा मालक आपल्या ड्रायव्हरला थांबू देत नाहीये. मला तिसरीकडे बोलायचंय.”

“मी काय बोलू त्यांच्याशी?”

“सकाळी बैठकीत बोललीस तसंच.” आता तिने माझ्याकडे पाहिलं. “फक्त पिल्लांचं काढायचं नाही. गाडी रिकामी आहे.”

मी स्टूल ओढलं, घसा खाकरला आणि नंबर लावला. बऱ्याच वेळाने एका माणसाने वैतागून उचलला.

“नमस्कार काका, मी जालन्याहून मैथिली खरात बोलतेय,” मी म्हणाले. “तुमच्या पंपावर आमचे एक ड्रायव्हर आहेत. त्यांना झोपायचंय.”